ठाण्याची खाडी काचेत उतरवताना

पूर्वेकडून मुंबईत उतरणारं विमान कोपरखैरणे मागे टाकून खाडीवर येतं, तेव्हा ते जमिनीपासून साधारण अर्ध्या किलोमीटरवर असतं. उजव्या खिडकीतून ऐरोली-मुलुंडची बाजू दिसते, डावीकडून वाशीचे पूल. ओहोटी असेल तर मधोमध करडा चिखल उघडा पडलेला असतो आणि त्यातून पाण्याच्या वाटा फाटे फोडत गेलेल्या असतात. दोन्ही काठांना तिवरांचा गडद हिरवा पट्टा, पलीकडे भांडुप-कांजूरच्या अंगाला मिठागरांचे चौकोन. अर्ध्या-पाऊण मिनिटात सगळं मागे पडतं.

हे दृश्य काचेत करता येतं, आणि त्याला ना ब्रश लागतो ना रंगाची ट्यूब. रंगीत काचेचे तुकडे, कण आणि पूड एका काचेवर मांडायची आणि ती मांडणी अलगद भट्टीत ठेवून तापवायची, की सगळं मिळून एकच काच होते. याला ग्लास फ्युजिंग म्हणतात. चर्चच्या खिडक्यांमधली स्टेन्ड ग्लास वेगळी. तिथले तुकडे शिशाच्या पट्ट्यांनी जोडलेले असतात. फुंकून केलेली काचही वेगळी, कारण तिथे कारागीर गरम काचेशी थेट खेळतो. फ्युजिंगमध्ये काच गरम असताना तुमच्या हाती येतच नाही. जे काय करायचं ते आधी, थंड असताना. तंत्र मात्र आजचं नाही. रोमन काळातले रंगीबेरंगी मोझॅइक वाडगे असेच, तुकडे भट्टीत एकजीव करून आणि मग साच्यावर वाकवून केलेले आहेत.

काच वितळवणं हे यातलं अवघड काम, असं ऐकणाऱ्याला वाटतं. ते काम भट्टी करते. डोकेफोड दोनच ठिकाणी आहे: कुठली काच कुठल्या काचेला चिकटवायची, आणि सगळं एक झाल्यावर ते थंड कसं करायचं. चित्र वाया जातं ते बहुतेक वेळा या दोन ठिकाणी. हात कच्चा म्हणून वाया गेलेलं चित्र त्या मानाने विरळा.

आधी काचेचं गोत्र

काच तापली की पसरते, निवली की आकसते. किती, ते प्रसरणांकावरून कळतं. फ्युजिंगच्या काचेवर 90 किंवा 96 असा आकडा दिसतो, तो हाच. 90 म्हणजे तापमान 1 अंशाने वाढलं की लांबीच्या एक कोटी भागांमागे 90 भागांची वाढ. ऐकायला अगदीच फुटकळ वाटतं, म्हणून हिशेब करून बघू. 30 सेंटिमीटरची पट्टी 500 अंशांवरून 30 अंशांवर आली, तर 90ची काच साधारण 1.27 मिलिमीटर आकसते, 96ची 1.35. फरक एक दशांश मिलिमीटरहूनही कमी. पण दोन्ही काचा आता एकमेकींत मुरलेल्या आहेत, सरकायला जागा नाही, आणि काच रबरासारखी ताणली जात नाही. जिला जास्त आकसायचंय ती ओढत राहते, दुसरी अडवत राहते. या रस्सीखेचीत तडा जातो. कधी भट्टीतच, कधी पंधरा दिवसांनी कपाटात ठेवलेल्या तुकड्याला, कुणी हात न लावता.

(उकळता चहा साध्या काचेच्या ग्लासात ओतला की तो तडकू शकतो आणि बोरोसिलचा सहसा तडकत नाही, त्यामागेही हेच गणित आहे. बोरोसिलिकेट काचेचा प्रसरणांक साधारण 33 असतो.)

प्रसरणांक जुळला म्हणजे काचा जुळल्या, असंही नाही. काचेला बर्फासारखा ठरावीक वितळणबिंदू नसतो. ती तापत जाते तशी काकवीसारखी हळूहळू सैल होते, आणि कुठली काच कुठल्या तापमानाला किती सैल होते हे तिच्या घडणीवर अवलंबून असतं. दोन काचांचं हे सैल होणं आणि पुन्हा आवळणं वेगळ्या चालीने झालं, तर प्रसरणांक सारखा असूनही ताण राहू शकतो. म्हणून एकमेकांशी तपासून पाहिलेल्या काचाच घ्यायच्या. ही सोय फार जुनी नाही. क्लाउस मोये हे जर्मन कलाकार 1979 साली अमेरिकेत शिकवायला गेले होते. तिथे पोर्टलंडच्या बुल्सआय या काच कंपनीशी त्यांची गाठ पडली आणि एकत्र वितळवता येतील अशा रंगीत काचांची मालिका त्यातून आकाराला आली. मोये पुढे ऑस्ट्रेलियात कॅनबेराला गेले. भट्टीतल्या काचेला चित्रकलेच्या रांगेत बसवण्याचं बरंचसं श्रेय त्यांच्याकडे जातं.

आपल्याकडे अशी काच बहुतेक बाहेरून येते आणि महाग पडते. मग पहिला विचार येतो तो खिडकीच्या काचेचा. ठाण्यात किंवा तुर्भ्यात कुठल्याही काचवाल्याकडे मिळणारी फ्लोट काच वितळते, छान वितळते. पण तिचा प्रसरणांक साधारण 85च्या आसपास, कंपनीगणिक थोडा इकडेतिकडे. त्यामुळे 90च्या रंगीत काचेशी तिची सोयरीक होत नाही. शिवाय फ्लोट काच वितळलेल्या कथलावर तरंगवून बनवतात, त्यामुळे तिच्या एका बाजूला कथलाचा सूक्ष्म थर राहतो. ती बाजू शॉर्टवेव्ह अल्ट्राव्हायलेट दिव्याखाली दुधाळ चमकते आणि भट्टीत गेल्यावर कधीकधी धुरकट होते. सरावाला फ्लोट काच उत्तम: एकाच तावदानातून कापलेले तुकडे घ्या, त्यावर फ्लोटसाठीच बनवलेले रंग वापरा आणि भट्टीशी ओळख करून घ्या. बिअरची हिरवी बाटली आणि खिडकीची काच एकत्र मात्र करू नका, दोन्ही फुकट मिळत असल्या तरी.

खाडीचं माप

विमानातून दिसणाऱ्या दृश्याला क्षितिज नसतं, आभाळ नसतं, जवळचं-लांबचं नसतं. सगळं एका पातळीत. काचेच्या सपाट तावदानाला हे फार सोयीचं. पण वरून दिसतं ते सगळंच काचेत मावत नाही. काय ठेवायचं ते ठरवायला सगळ्यात आधी माप लागतं.

ऐरोली पुलापासून वाशी पुलापर्यंतची खाडी उत्तर-दक्षिण साधारण 10 किलोमीटर भरते. 30 बाय 40 सेंटिमीटरचं उभं पॅनल घेतलं तर 1 सेंटिमीटर म्हणजे 250 मीटर. डावीकडे मिठागरं, मध्ये पाणी, उजव्या कडेला पारसिकचा डोंगर, एवढं त्यात नीट बसतं. या मापात सुमारे एक किलोमीटरचा ऐरोली पूल 4 सेंटिमीटर लांब होतो आणि त्याची रुंदी मिलिमीटरभर. बाजारात मिळणाऱ्या बारीक काचेच्या काड्या, ज्यांना स्ट्रिंगर म्हणतात, त्या 1 मिलिमीटर जाडीच्या मिळतात. म्हणजे पूल झाला. मिठागराचा छोटा कप्पा मात्र एक-दोन मिलिमीटरचा होतो, तो कापायच्या फंदात पडू नये. दहा-बारा कप्पे मिळून एक चौकोन करायचा आणि बांधाच्या रेघा मोजक्याच द्यायच्या. फ्लेमिंगो तर या मापात दिसणारच नाहीत. थव्याच्या जागी चिमूटभर गुलाबी पूड, बस.

नकाशासाठी इस्रोच्या ‘भुवन’वरची किंवा गुगल अर्थवरची उपग्रहचित्रं पुरतात. ड्रोन उडवायचा मोह टाळा. एकीकडे विमानांची वाट, दुसरीकडे अभयारण्य; परवानग्यांचा तो गुंता एका चित्रासाठी परवडत नाही. खाडीचा हा भाग 2015 साली फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि 2022 साली महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आला. उपग्रहचित्रं बघताना वेगवेगळ्या तारखांची काढून बघा. भरतीच्या चित्रात नुसतं पाणी असतं. काचेला ओहोटी लागते.

आता मांडणी. तळाला 3 मिलिमीटर जाडीची पारदर्शक काच आणि तिच्यावर दुसरा 3 मिलिमीटरचा रंगीत थर, मिळून 6. हा आकडा ऐच्छिक नाही. पूर्ण सैल झालेली काच पृष्ठताणामुळे आपणहून साधारण 6 मिलिमीटर जाडीवर स्थिरावते. एकच 3 मिलिमीटरची काच पूर्ण तापवली तर ती कडेने आत ओढली जाते आणि कडा दातेरी होतात. 9 मिलिमीटर रचलं तर ते बाहेर ओघळतं. आकार जसा मांडला तसा राहायला हवा असेल तर 6.

वरच्या थरात मला सगळ्यात जास्त आवडणारी जागा म्हणजे पाणी आणि चिखल यांच्यातली सीमा, कारण ती काच स्वतः काढते. निळसर फिरोजी काचेला तो रंग तांब्यामुळे मिळतो. फ्रेंच व्हॅनिला नावाच्या साईसारख्या रंगाच्या काचेत गंधक असतं. या दोन काचा शेजारी शेजारी टेकवून तापवल्या की सीमेवर तांबं आणि गंधक यांचा संयोग होऊन कॉपर सल्फाइड तयार होतं आणि तिथे गडद तपकिरी रेघ उमटते. कुठे केसाएवढी, कुठे जाड, जिथे तुकडे घट्ट टेकले तिथे ठसठशीत. ओल्या चिखलाची कड हुबेहूब अशीच दिसते, आणि पेनाने काढलेल्या रेघेला हा अनियमितपणा येणं कठीण. पण तुकडे शेजारी शेजारीच हवेत. फिरोजी काच व्हॅनिलाच्या वर ठेवली, तर दोघींमधला सगळा पृष्ठभाग काळवंडतो आणि पाण्याऐवजी गटार दिसतं.

हीच प्रक्रिया कणांच्या आकारावर खेळवता येते. काचेच्या भरड्याला फ्रिट म्हणतात. तो मिठाच्या खड्यांएवढा जाड मिळतो, रव्याएवढा मिळतो आणि पिठासारखी पूडही मिळते. व्हॅनिलाचे जाड कण फिरोजीवर टाकले तर प्रत्येक कणाभोवती तपकिरी वलय उमटतं. पूड चाळली तर कण इतके बारीक की वलयं एकमेकांत मिसळून सगळाच भाग मातकट होतो, आणि खाडीच्या मध्यभागी नेमकं तेच हवं असतं. चहाच्या गाळणीतून पूड भुरभुरवायची, मग लाकडी काडीच्या टोकाने ती बाजूला सारत पाण्याच्या वाटा मोकळ्या करायच्या. मोठी वाट आधी, मग तिला फुटणारे फाटे, मग फाट्यांचे फाटे. चूक झाली तर हलक्या ब्रशने सारखं करून पुन्हा. पूड हाताळताना एन-95 मास्क हवाच. ही बारीक काचेची धूळ आहे, फुप्फुसात गेलेली परत येत नाही.

तिवरांसाठी दोन-तीन हिरवे मिसळून रव्याएवढा फ्रिट वापरा. एकाच हिरव्याचा पट्टा क्रिकेटच्या मैदानासारखा सपाट दिसतो. फ्लेमिंगोंचा गुलाबी मात्र जपून. काचेतला खरा गुलाबी सोन्याच्या अंशामुळे येतो, म्हणून तो महाग, आणि असल्या बऱ्याच काचा भट्टीत जाण्याआधी गुलाबी दिसतच नाहीत. त्या फिकट, जवळपास बिनरंगी असतात आणि उष्णतेत रंग धरतात. मांडताना काही दिसत नाही म्हणून आणखी थोडी, आणखी थोडी अशी टाकत गेलात, तर बाहेर येताना अख्खी खाडी गुलाबी झालेली असेल. त्यामुळे फ्युजिंग करणारे प्रत्येक रंगाचा एक छोटा तुकडा आधी भाजून, नाव लिहून ठेवतात.

कापण्याचं थोडक्यात: काचवाले वापरतात तोच रॉकेलमध्ये बुडवलेला चाकाचा कटर, एकच सलग रेघ, आणि रेघेच्या दोन्ही बाजू धरून खाली दाब. रेघेवरून कटर दुसऱ्यांदा फिरवायचा नाही. खाडीच्या वळणांसाठी मोठा बाक एका झटक्यात कापायला जाऊ नका, दोन-तीन टप्प्यांत घ्या.

भट्टीत काय होतं

काच ज्या फळीवर ठेवायची तिला किल्न वॉश लावतात. अ‍ॅल्युमिना आणि चायना क्ले पाण्यात कालवून केलेला हा लेप नसेल तर काच फळीला कायमची चिकटते. लेप खडखडीत वाळला पाहिजे. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये तो एका रात्रीत वाळत नाही, आणि फळीत राहिलेल्या ओलाव्याची वाफ होऊन ती काचेखाली बुडबुडा उठवते. पावसाळ्यात फळी आधी रिकाम्या भट्टीत 250-300 अंशांपर्यंत तापवून घेणं बरं.

भट्टी विजेवर चालते आणि कंट्रोलरला तीन गोष्टी सांगाव्या लागतात: ताशी किती अंशांनी चढायचं, कुठवर, आणि तिथे किती वेळ थांबायचं. 6 मिलिमीटरच्या पॅनलसाठी ताशी 200 अंशांनी 650-670 पर्यंत जायचं आणि अर्धा तास थांबायचं. या टप्प्यावर वरची काच मऊ होऊन खाली बसते आणि मधली हवा कडेने निसटते. इथे घाई केली की हवा आत अडकते. मग 805 ते 815 पर्यंत चढून दहा मिनिटं. भट्टीच्या भोकातून पाहिलं तर काच केशरी तापलेली असते आणि तुकड्यांमधल्या फटी बुजलेल्या दिसतात. याला फुल फ्यूज म्हणतात. 730 ते 760 वर थांबलं तर तुकडे चिकटतात, पण त्यांचा उठाव कायम राहतो. तो टॅक फ्यूज.

815 वरून खाली येताना भट्टीला अडवायचं नाही, तिच्या वेगाने उतरू द्यायचं. 760 ते 700 या पट्ट्यात काच रेंगाळली तर पृष्ठभागावर स्फटिक धरायला लागतात आणि पांढुरकी साय आल्यासारखी दिसते.

त्यानंतरचा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा आणि बघायला सगळ्यात कंटाळवाणा. निवणाऱ्या काचेचा बाहेरचा भाग आधी थंड होतो आणि कडक होतो. आतला भाग अजून गरम असतो. नंतर तोही आकसायला बघतो, पण बाहेरची कडक झालेली काच त्याला आकसू देत नाही. हा ताण काचेत कोंडला जातो आणि मग कधीही, खिळ्याला टांगताना किंवा एसी सुरू केल्यावर, पॅनल मधोमध दुभंगतं. उपाय म्हणजे काच पूर्ण कडक होण्याआधी सगळं पॅनल आतबाहेर एका तापमानाला आणायचं आणि तिथून हळू उतरायचं. याला अ‍ॅनीलिंग म्हणतात. बुल्सआयच्या काचेसाठी हे तापमान 482 अंश. 6 मिलिमीटरला तिथे एक तास, मग सुरुवातीला ताशी 83 अंशांनी खाली.

जाडी वाढली की हे गणित भराभर बदलतं. 12 मिलिमीटरला दोन तास आणि ताशी 55. 25 मिलिमीटरला चार तास आणि ताशी फक्त 15. पारसिकचा डोंगर उठावाचा करायची हौस इथे महाग पडते. डोंगराच्या जागी काचेचे चार थर रचले तर एक कडा 12 मिलिमीटरची आणि बाकी पॅनल 6चं. पातळ भाग लवकर निवतो, जाड भाग मागे राहतो आणि ताण दोघांच्या सांध्यावर येतो. अशा पॅनलला सगळ्यात जाड भागाच्या दुप्पट जाडीचं समजून अ‍ॅनील करतात. शिवाय डोंगर ओघळू नये म्हणून बाजूने फायबर पेपर (उष्णता सोसणारा तंतूंचा कागद) लावलेल्या पट्ट्यांचा बांध घालावा लागतो. माझं मत विचाराल तर पहिल्या पॅनलमध्ये डोंगर रंगाने दाखवा. गडद हिरव्यावर राखाडी पूड, पूर्वेच्या उतारावर थोडी जास्त, की डोंगर कळतो.

मिठागरांचे बांध मात्र उठावाचे करण्यात मजा आहे. त्यासाठी पॅनल दोनदा भाजतात. पहिल्यांदा फुल फ्यूज करून पाणी, चिखल, तिवरं एकसंध करायची. दुसऱ्यांदा त्यावर स्ट्रिंगरच्या काड्या मांडून 740च्या आसपास टॅक फ्यूज. काड्या चिकटतात पण गोलसर उभ्या राहतात, तिरप्या उजेडात त्यांची बारीक सावली पडते. पूलही याच फेरीत. दुसऱ्या भाजणीत चढण संथ ठेवा, ताशी 150 किंवा कमी, कारण आता तुकडे सुटे नाहीत. एकसंध जाड काच घाईने तापवली तर 540च्या खाली कुठेही तडकू शकते.

मध्येच वीज गेली तर? झाकण उघडायचं नाही. चांगली भट्टी उष्णता बराच वेळ धरून ठेवते. वीज आल्यावर आतलं तापमान बघायचं. 482च्या वर असेल तर अ‍ॅनीलिंगपासून पुढे चालू करायचं. बरंच खाली गेलं असेल तर पॅनल पूर्ण निवू द्यायचं आणि नंतर हळू तापवून पुन्हा अ‍ॅनील करायचं. आणि एरवीही 50-60 अंशांच्या वर असताना ‘एकदा बघू तरी’ म्हणून झाकण उचलू नका.

ताण बघायचा कसा

ताण डोळ्यांना दिसत नाही, पण दाखवता येतो. लॅपटॉपच्या एलसीडी पडद्यावर कोरं पांढरं पान उघडा, पोलराइज्ड गॉगल घाला आणि पडदा काळा दिसेपर्यंत डोकं तिरकं करा. आता काच पडदा आणि गॉगल यांच्या मध्ये धरा. ताण नसेल तर काच काळीच राहते. असेल तर तुकड्यांच्या कडांशी पांढरी प्रभा उजळते. ही तपासणी पारदर्शक काचेवरच चालते, दुधी काचेतून उजेड नीट जात नाही. म्हणून नवी काच वापरण्यापूर्वी तिचा छोटा तुकडा पारदर्शक पट्टीवर भाजून, निवल्यावर असा बघतात. तुकड्याभोवती प्रभा दिसली तर ती काच या चित्रात नको.

30 बाय 40चं, 6 मिलिमीटर जाडीचं पॅनल साधारण 1.8 किलो भरतं, त्यामुळे दुहेरी टेपवर ते टांगू नये. कडा हिऱ्याच्या पॅडने पाण्यात घासून बोथट करा. भिंतीवर लावायचं तर मागे दोन-तीन सेंटिमीटर अंतर ठेवणारे स्टीलचे स्पेसर घ्या आणि भिंत पांढरी असू द्या, म्हणजे फिरोजी भागातून गेलेला उजेड परत येतो. काच भिंतीला चिकटवून लावली तर पाणी काळं दिसतं. खिडकीत ठेवलं तर उलट होतं: पाणी उजळतं, पण व्हॅनिला आणि इतर दुधी रंग मागून उजेड आल्यावर मंदावतात आणि तपकिरी कड एकदम पुढे येते. दोन्ही ठिकाणी धरून बघा, मगच भिंतीला ड्रिल लावा.